उत्तर नाही म्हणजे भोंगा

रिओकडच्या सांतो एव्हारिस्तो गावच्या नगरपालिकेत टाय बांधलेल्या कुठल्याही माणसाला ‘दोतोर’, म्हणजे डॉक्टर, म्हणतात. त्यानं जन्मात कुणाची नाडी पाहिलेली नसो, साधा फ्यूज बदललेला नसो, तरी चालतं. बाईमाणूस असेल तर नुसतं ‘दोना’, म्हणजे बाई. दोना दाल्वा नोगेइरानं मात्र डोंगरावरच्या नऊ वस्त्यांचे भोंगे दहा वर्षं सांभाळले, त्यांचा प्रोग्राम स्वतःच्या हातानं लिहिला, तरी पगारपत्रकात तिचा हुद्दा शेवटपर्यंत ‘टेलिफोन ऑपरेटर’ असाच राहिला. याबद्दल ती कधी भांडली नाही. भांडायला तिला पुढं याहून मोठं कारण मिळालं.

टेलिफोन ऑपरेटर ती होतीच म्हणा. एकोणिसाव्या वर्षी ती गावच्या एक्स्चेंजमध्ये बसली तेव्हा समोर चाळीस भोकांची पाटी आणि हातात दोन वायरी. रिओचा कॉल लागेपर्यंत कसायाला थांबवायचं, तेवढ्यात पाद्रीबुवांना इस्पितळ जोडून द्यायचं, कसायाचा नंबर लागला की तो जिथं थांबला होता तिथूनच त्याला पुढं सोडायचं. पहिल्याच आठवड्यात ती एक गोष्ट शिकली. एकजण पेन्सिल शोधायला गेला म्हणून अख्खी पाटी अडवून धरायची नसते. धरलीस तर गाव तुझ्या नावानं खडे फोडेल, असं थोरल्या ऑपरेटरणीनं तिला बजावलं होतं.

पुढं एक्स्चेंज बंद पडलं आणि ती नगरपालिकेच्या फोनवर आली. मग तो जानेवारी आला ज्यात काइशाची टेकडी खचली आणि बत्तीस माणसं गेली. त्यानंतर टेकड्यांवर भोंगे आले आणि पाऊस मोजायची नळकांडी आली. सगळं आलं, फक्त ते चालवणारं कुणी आलं नाही. रिओच्या विद्यापीठातला एक तरुण मास्तर संध्याकाळच्या वर्गात ‘लुआ’ शिकवायला आला. लुआ ही तिकडचीच, रिओतच जन्मलेली प्रोग्रामिंगची भाषा; लहानशी, साधी, घरच्या मुलीसारखी. सत्तेचाळीस वर्षांची दाल्वा पहिल्या बाकावर बसली. मागच्या बाकांवर हसू पिकलं, तिनं वळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर कोरूटीनवर आला. काम अर्ध्यात थांबवायचं, बाहेर काही घडलं की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू करायचं, असं काहीबाही तो फळ्यावर बाण काढून सांगत होता. वर्ग डोळे मिचकावत बसला.

दाल्वा म्हणाली, “अहो मास्तर, हे तर माणसाला होल्डवर ठेवणं झालं! आणि ते घडणं म्हणता ना, इव्हेंट, ती पाटीवर वाजणारी घंटी. कुणाची वाजली बघायचं, त्याची वायर जोडायची, बाकीच्यांना बसू द्यायचं.”

मास्तरनं खडू खाली ठेवला. “दोना दाल्वा, तीन वर्षं शिकवतोय मी हे. तुम्ही आधी कुठं होता?”

“फोनवर,” दाल्वा म्हणाली, आणि मागच्या बाकांवरचेही या वेळी तिच्या बरोबरीनं हसले.

त्या उन्हाळ्यात तिनं प्रोग्राम लिहिला. प्रत्येक टेकडीला तिची स्वतःची कोरूटीन. वरून खाली सरळ वाचावी अशी गोष्टच ती: पाऊस खुणेच्या वर गेला, टेकडीवरच राहणाऱ्या राखणदाराला फोन लावला, आता थांब, उत्तर आलं, भोंगा वाजव. चार मिनिटांत उत्तर नाही आलं, तरी वाजव. मध्ये बसून घंट्या ऐकणारं एकच छोटं चक्र होतं, जे आलेली बातमी ज्या टेकडीची त्या टेकडीला पोचवायचं. नऊ टेकड्या एकाच वेळी नऊ ठिकाणी थांबलेल्या असायच्या आणि कुणी कुणाची वाट अडवायचं नाही.

उत्तर म्हणजे काय, हे मात्र तिला कुठल्या मास्तरनं शिकवलं नाही. टेकडीवर फोन कुणी उचलत नाही. फोन वाजला की तो कापायचा आणि उलट एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ ‘कळलं, मी निघाले’. फोनमध्ये पैसे नसलेल्यांची ही जुनी रीत, नंतर पैसे असले तरी सुटली नाही. दाल्वाच्या प्रोग्रामला तेवढंच पुरायचं. राखणदाराचा नंबर एकदा वाजून गेला, की ती टेकडी जागी व्हायची. आणि राखणदार बेशुद्ध असो, झोपलेला असो, वाहून गेलेला असो, उत्तर नाही म्हणजे भोंगा. तिनं हे प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीवर लिहून ठेवलं होतं.

दहा वर्षांत चौदा वेळा भोंगे वाजले. माती दोनदा आली आणि दोन्ही वेळा घरं रिकामी होती. उरलेल्या बारांपैकी एकदा मात्र भोंगा वाजला तो नेमका महापौरांच्या प्रचाराच्या जेवणावळीत, आणि तिथं माशी शिंकली. माती आली नाही, पाहुणे मात्र ताटावरून उठून पळाले. महापौर चिडले. राग आला जेवणाचा आणि कुऱ्हाड पडली प्रोग्रामवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! राजधानीतल्या कुठल्याशा कंपनीकडून दोतोर ओताविओ नावाचा एक उंटावरचा शहाणा आला, त्याला नवी यंत्रणा बनवायचं काम मिळालं.

दाखवायच्या दिवशी त्यानं पडद्यावर रंगीत चौकोन काढले. आता राखणदाराला फोनवर एका बाईंचा गोड आवाज ऐकू येणार, ‘प्रिय सहकारी’ पासून सुरू होऊन चाळीस सेकंद. ते ऐकून त्यानं एक नंबरचं बटण दाबायचं, मगच भोंगा. फोन कापला तर ‘नकार’ अशी नोंद. उचललाच नाही तर पाच-पाच मिनिटांनी तीनदा प्रयत्न. ते संपले की भोंगा न देता पुढची टेकडी.

दाल्वानं हात वर केला. “पुढची टेकडी तोवर काय करेल, दोतोर?”

“रांगेत असेल. शिस्त हवी ना, दोना दाल्वा.”

“पाऊस रांगेत येतो का?”

कुणीतरी खोकलं. खातेप्रमुख सेउ वाल्मोरनं (सेउ म्हणजे आपलं श्रीयुत) टेबलाकडं पाहिलं.

“आणि टेकडीवर फोन कापतात तो नकार नसतो. निघालो म्हणून कापतात. दोतोर, तुम्ही एकदा वर येऊन पाहा. माझ्या खर्चानं कॉफी पाजते.”

“बाई, यंत्रणा लोकांच्या सवयींवर बनवत नाहीत. लोकांना यंत्रणेची सवय लावतात,” दोतोर हसून म्हणाला. “कॉफीचं बोललात ते बरं झालं. मिळेल का?”

सगळे हसले. सेउ वाल्मोरही हसला, ज्याची म्हातारी आई साबियाच्या टेकडीच्या पायथ्याशीच राहायची! मुकाट्यानं बसण्याचाच पगार मिळतो काही माणसांना. दाल्वानं कॉफी आणली नाही. एकदा खऱ्या फोनांवर चाचणी घ्या, असा अर्ज तिनं लेखी दिला. अर्जावर शेरा आला: ‘आवश्यकता नाही.’ तेव्हा तिनं आपला जुना प्रोग्राम आपल्याच टेबलावरच्या संगणकात राहू दिला. भोंग्यांची जुनी वायरलेस काढायला दोतोरची माणसं यायची होती, ती काही आली नव्हती.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती एकटी कामावर होती. सेउ वाल्मोर महापौरांकडं फेजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचं आणि मांसाचं जेवण, खायला गेलेला. तीन वाजता डोंगर दिसेनासा झाला. साडेतीनला नव्या पडद्यावर सगळ्यात वर बिकाची टेकडी आली, ‘संपर्क सुरू’. बिकाचा राखणदार सेउ तिनोको याचा फोन घरात चार्जिंगला आणि तिनोको अंगणात गटार मोकळं करत उभा. पहिला प्रयत्न. पाच मिनिटं. खाली आठ टेकड्यांपुढं आठ वेळा एकच शब्द: ‘रांगेत’. साबियाच्या नळकांड्यात तर खुणेच्या दुप्पट पाणी झालं होतं.

तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. साबियाची राखणदार जुसारा. ती मिस्ड कॉल न देता चक्क बोलायला थांबली.

“अगं, मेली का तुमची यंत्रणा? चार वेळा वाजवून ठेवला मी!”

“कळलं गं. कसं आहे वर?”

“दोना नेनेच्या मागच्या भिंतीतून पिवळं पाणी येतंय. झाड वाकलंय. मी दारं ठोकतेय, पण म्हणतात भोंगा कुठं वाजलाय! भोंग्याशिवाय हलत नाहीत गं कुणी. तूच शिकवलंस ना त्यांना!”

दाल्वानं सेउ वाल्मोरला फोन लावला. मागं गिटार आणि हशा.

“साबिया खचतेय. भोंगा द्या म्हणा.”

“यंत्रणा काय म्हणते?”

“यंत्रणा तिनोकोची वाट बघत बसलीय!”

“पंधरा मिनिटं थांब, बाई. दोतोरला विचारून सांगतो. परस्पर काही करू नकोस, नोकरीचं बघ.”

तिनं फोन ठेवला, नवी यंत्रणा बंद केली आणि जुनी चालू केली. नऊ टेकड्या उठल्या, नऊ फोन गेले, नऊ जागी नऊजणी थांबल्या. तिसऱ्या सेकंदाला जुसाराचा मिस्ड कॉल आला आणि साबियाचा भोंगा सुटला. मग काइशा, मग वरची वस्ती, जसजसं ज्याचं उत्तर आलं तसतसं. तिनोकोनं तेव्हाही फोन उचलला नाही. चार मिनिटं भरली आणि बिकाचा भोंगा त्याच्याशिवाय वाजला. दाल्वा खुर्चीतून उठली नाही.

सव्वापाचला साबियाची टेकडी खाली आली. अकरा घरं गेली. माणसं शाळेत होती, ओल्या कपड्यांत, शिव्या देत, जिवंत.

सोमवारी दाल्वाला नोटीस मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं. परवानगीशिवाय सरकारी यंत्रणा बंद केल्याचा ठपका, आणि सोबत दोतोर ओताविओचा अहवाल. त्यात लिहिलं होतं की नवी यंत्रणा ठरल्याप्रमाणेच काम करत होती. शेवटी एक ओळ होती: ‘जीवितहानी शून्य. सबब भोंग्याची गरज सिद्ध होत नाही.’

ती ओळ दाल्वानं दोनदा वाचली. सेउ वाल्मोर समोर बसला होता.

“सही कर आणि मोकळी हो,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “ही चौकट भर फक्त. ‘कर्मचाऱ्याच्या कृत्याचा परिणाम’. चुकून झालं म्हण. मी सांभाळून घेतो.”

दाल्वानं पेन घेतलं आणि लिहायला लागली. चौकट चार ओळींची होती. ती भरली, तसा तिनं कागद उलटला. वीसेक मिनिटं ती मान खाली घालून लिहीत होती. मग तिनं कागद त्याच्याकडं सरकवला.

जुसारा लोपेस, एकसष्ट. नेने कार्डोझो, अठ्ठ्याहत्तर. तिचा मुलगा, सून, चार नातवंडं, प्रत्येकाचं वय. लिंडॉल्फो, आंधळा, त्र्याऐंशी. कार्डोझोंच्या शेजारचं बाळ, नाव अजून ठेवलेलं नाही, बावीस दिवस. अठ्ठेतीस माणसं, घरागणिक लिहिलेली. पायथ्याच्या अकराव्या घरापुढं एकच नाव होतं, ते सेउ वाल्मोरच्या आईचं.

“हे काय?” तो म्हणाला.

“परिणाम. सगळे जिवंत आहेत, जाऊन मोजा.” ती उठून उभी राहिली. “भोंगा गरजेचा होता हे सिद्ध करायला तुम्हाला यांतले किती मेलेले लागतील, दोतोरला विचारा. तेवढ्या नावांवर तुमच्या हातानं खूण करा, सेउ वाल्मोर. मग मी सही करते.”