मैदानाला वळसा

शहाडच्या फुटबॉल मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. अनवाणी, पावलं कायम पांढरी. रेघ ओढून झाली की ती ओलांडत नसे. पलीकडे जायचं तर सगळ्या मैदानाला वळसा घाली.

तिथल्या बाकांचं लाकूड मी क्लबला पडत्या भावात दिलं होतं, मैदान कायम राहील या शब्दावर. पुढे क्लबने मैदानच चाळींसाठी विकलं आणि मला कळवलंही नाही. मी चिडून बाकांच्या फळ्या उखडून न्यायला गेलो. एका टोकाला पाया खणणं सुरू होतं. तो रेघा मारणारा कडेकडेने चालला होता. पायांवर फक्की नव्हती.

"अहो, आता कसली रेघ? मधून जा की!" मी खेकसलो.

"दिसतेय ना अजून, शेठ," तो म्हणाला आणि चालत राहिला.

गवतात ती खरंच अंधुक दिसत होती. एवढ्यात माझ्या गाडीवानाने फळ्यांची गाडी सरळ मैदानात घातली.

"आंधळा आहेस का रे?" मी ओरडलो. "वळसा घालून घे!"