कंसातलं तेवढंच

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दोघी शिकाऊ होतो आणि कायमची जागा एकच होती. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकली होती, रोज मनमाडहून गाडीने यायची. मी तिला ताई म्हणायचे.

द्राक्षांच्या पॅकहाउसकडून आलेल्या ईमेलमधून खराब पेट्यांचे नंबर वेचणारा प्रोग्राम लिहायचं काम तिच्याकडे होतं. दिंडोरीची पेटी असेल तर डीएनडी-४०७१, निफाडची असेल तर एनपीडी आणि पुढे आकडा.

एका सकाळी तिने मला बोलावलं. "बघ ना गं, पॅटर्न तर जुळतोय. मग यादीत आकडे का येत नाहीत?"

मला एका नजरेत कळलं. 'डीएनडी किंवा एनपीडी' एवढंच सांगायला तिने ती अक्षरं कंसात घातली होती. पण कंस दिसला की पायथनची फाइंडऑल ही शोधायची आज्ञा जुळलेला सगळा मजकूर देत नाही, कंसातलं तेवढंच पकडून देते. कंस उघडताच प्रश्नचिन्ह आणि कोलन टाकलं की काम झालं असतं.

"तुम्हीच शोधा ताई, तसंच पक्कं होतं," म्हणून मी चहाला गेले.

दुपारच्या मीटिंगमध्ये सरांनी तिची यादी मोठ्या स्क्रीनवर लावली. "वाचा."

"डीएनडी, डीएनडी, एनपीडी, डीएनडी..." ती थांबली. "सर, काहीतरी चुकलंय."

"ते आम्हाला दिसतंय. पूर्ण वाचा."

ती उभी राहून वाचत गेली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मीही हसले. तिचा आवाज फाटला तेव्हा सर म्हणाले, "पाणी प्या आणि पुढे वाचा." यादी संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, ती दोन चिन्हं टाकली. पेट्यांचे पुरे नंबर भराभर उतरले.

जिन्यात तिने मला गाठलं. "तुला सकाळीच माहीत होतं ना?"

"नाही हो ताई, आत्ता दिसलं."

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जागा माझी झाली होती. पहिलं काम म्हणून तिचं लॉगिन बंद करायला सांगितलं. तिला अजून कुणी काही बोललं नव्हतं. मी जागेवर येऊन ते बंद केलं. समोर तिच्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट आली. तिने दोनदा टाइप करून पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "अगं, तुझं चालू आहे का?"

"हो," मी म्हटलं, आणि मान वर केली नाही.