क्रूचा टॉवेल

माझ्या आधी तिघांनी हात धुतले आणि पांढऱ्या टॉवेलला पुसले. माझी पाळी आली तेव्हा सरांनी टॉवेलची घडी केली, खांद्यावर टाकली आणि खिशातून कागदी नॅपकिन काढून माझ्यापुढे धरला.

"टॉवेल ओला झालाय रे," म्हणाले.

माझ्यामागे पाचवा उभा होता, खोताच्या वाडीजवळ राहणारा, सरांच्या ओळखीतला. त्याची पाळी आली आणि टॉवेल परत खाली उतरला. दोन मिनिटांत वाळला असणार.

गिरगावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा रोव्हर क्रू भरतो; सर त्याचे लीडर. रोव्हर म्हणजे अठरा ते पंचवीस वयाचे स्काउट, क्रू म्हणजे त्यांची तुकडी. दीक्षाविधीत नवा रोव्हर शपथेआधी हात धुतो. मागचं सगळं धुऊन टाकायचं, असा त्याचा अर्थ. आणि हात पुसायचे ते क्रूच्याच टॉवेलला. पहिल्या बॅचपासूनचा टॉवेल, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने क्रूचं नाव. ह्याला हात पुसले की सगळे भाऊ झाले, असं सर प्रत्येक वेळी सांगायचे.

माझं विसावं संपत आलं होतं. फॉर्म भरताना सरांनी दोनच प्रश्न विचारले होते. बीडीडीत कितवी चाळ? वडील काय करतात? मी सांगितलं, पालिकेच्या सफाई खात्यात. सांगताना लाज वाटली नव्हती. नॅपकिन हातात चुरगळला तेव्हा वाटली. ती वाटली ह्याचाच मला आजही राग येतो.

कागदाचे कपटे बोटांना चिकटले. स्काउटची शपथ तीन बोटं वर करून घेतात; त्याच बोटांनी मी ती घेतली.

घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "आधी सही होऊ दे. मग काय ते बोल." त्यांचंही काय चुकलं? रेल्वेत स्काउटच्या कोट्यातून भरती होते, आणि सरांच्या शिफारशीशिवाय माझा अर्ज हलणार नव्हता. त्यांच्या हातातला झाडू माझ्या हातात येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. मग मी गप्प बसलो. चार वर्षं.

त्या चार वर्षांत काय नाही केलं? तंबू ठोकले, शिबिरं केली. गणपतीत लालबागला गर्दीत उभा राहिलो. चक्कर आलेल्या बायांना ह्याच हातांनी पाणी पाजलं. तिथे कुणी माझी चाळ विचारली नाही. पण दीक्षेच्या दिवशी नव्यांच्या हातांवर पाणी घालायचा मान आदल्या बॅचचा असतो, आणि आमची पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "तू बाहेर चपलांकडे बघ." बघितलं. गळ्यात स्कार्फ घालून चपला राखल्या मी.

ह्या वर्षी क्रूत मुली आल्या. परंपरा बदलायला हव्यात, असं सरांनी छान भाषण केलं. तिघी होत्या. पहिल्या दोघींनी टॉवेलला हात पुसले. तिसरी परळची, तिची आई इस्पितळात झाडू मारते. सरांचा हात खिशात गेला. ह्या खेपेला नॅपकिन त्यांनी माझ्या हातात दिला.

"तूच दे तिला. तुमचं तुम्हाला बरं पडतं."

तिचे हात पुढे. पाणी निथळत होतं. तिला काहीच माहीत नव्हतं, ती आपली माझ्याकडे बघून हसत होती. मला जे दिलं होतं ते आता मीच पुढे देणार होतो.

सरांच्या खांद्यावरचा टॉवेल मी ओढला आणि तिच्यापुढे धरला. "पूस," म्हटलं. तिने पुसले. मग तांब्यातलं उरलेलं पाणी मी माझ्या हातांवर ओतलं आणि त्याच टॉवेलला पुसले.

सर हळूच म्हणाले, "तुझा रेल्वेचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे."

"राहू दे, सर."

पुढच्या रविवारी त्यांनी टॉवेल माझ्याकडे भिरकावला. "घरी ने. आता आमच्या काय कामाचा?" हात धुण्याचा विधीही बंद केला. काळ बदललाय म्हणे.

मी टॉवेल नेला नाही. क्रूचा आहे, क्रूच्या कपाटात ठेवला.

सही झालेली नाही, होणारही नाही. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. पंचवीस पूर्ण झाली की क्रू सोडावा लागतो, आणि मला अजून चौदा महिने आहेत. दर रविवारी जातो. सगळ्यांसमोर हात धुतो, कपाट उघडतो, त्याच टॉवेलला पुसतो. माझ्यामागे ती परळची मुलगी पुसते. चौदा महिन्यांत एकही रविवार चुकवणार नाही.