चवथीच्या भांड्यांसारखी

श्री. सगुण. हुद्दा : ड्रेसर, डिचोली तालुक्यातले एक आरोग्य केंद्र. कर्तव्ये : जखमा धुणे, पुसणे व बांधणे. सदर कर्मचारी रक्त, पू व दुर्गंधी यांबाबत कोणतीही किळस न बाळगणारा असून नेमणुकीच्या वेळी तसे प्रमाणित करण्यात आले आहे.

या प्रमाणित इसमाने सोमवारी सकाळी रघुनाथच्या पायाचं बँडेज सोडलं आणि लगेच तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

रघुनाथ मूळचा सावंतवाडीकडचा, आता नार्व्याला राहतो आणि खनिजाचा टिपर चालवतो. गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून चपला दाराशी काढून, अनवाणी. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेली. इंजिनाजवळच्या तापल्या पत्र्यावर पाय भाजत होता तेव्हा हा निवांत गाणी ऐकत होता. अंगठ्याखालची जखम चिघळत गेली. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनने सांगितलं, आठवड्यात साफ दिसली तर ठीक, नाहीतर अंगठा काढायचा. तेव्हा केंद्रातल्या डॉक्टरांनी कपाटातून चांदीची पट्टी काढली. चांदीपुढे जंतू टिकत नाहीत. पट्टी फक्त काही दिवस न हलवता ठेवायची. बांधताना सगुण रघुनाथच्या बायकोला, जानकीला, म्हणाला होता, "वयनी, खरी चांदी आहे हिच्यात. नीट जपा."

जानकीने जपली होती.

पू होताच, हिरवट, ताणला तर तार धरणारा. पण त्यात पांढरे रवे होते आणि काळपट लाल काहीतरी चिकटलं होतं. सगुणने ते चिमट्याने उचललं. आमसुलाचा तुकडा. त्यावर एक मुंगी, जिवंत आणि कामात.

"हे काय?"

"काळी पडलेली ती!" जानकी म्हणाली. "परवा सोडून बघितलंय तर पट्टी काळीकुट्ट. चवथीआधी समई, निरांजन घासतंव ना, तशी घासलंय. आमसुलाची सोलां नि रांगोळी. मगे धुवन परत बांधलंय."

"वयनी, ती काळी पडणारच. पट्टी आहे ती, निरांजन नव्हे."

"काळी चांदी देवाक चलत नाय, ती घोवाक कशी चलतली?"

रघुनाथ टेबलावर आडवा, छताकडे बघत. "सगुणबाब, तिका सांगा, माका पण घास म्हणान. मी पण काळोच."

सगुण हसला नाही. हसला असता तर तो वास आत गेला असता. दोन दिवस उन्हात विसरलेल्या बांगडा मासळीच्या टोपलीचा वास. सगळी सकाळ तो त्या लिबलिबीत मांसातून रांगोळीचे कण वेचत बसला. पुवाची किळस, मुंगीची किळस. पण सगळ्यात जास्त किळस त्याला स्वतःच्या त्या दोन शब्दांची आली. नीट जपा. पट्टी उघडू नका, एवढं म्हणायला काय झालं होतं?

गुरुवारी सर्जनने अंगठा काढला. पाऊल वाचलं.

महिन्याने जानकी केंद्रात आली, हातात केळीच्या पानाची पुडी.

"सगुणभाऊ, तुमच्यामुळे पाय ऱ्हवलो. हरमलाचे ताजे बांगडे आसत. नाय म्हणू नकात."

सगुणने नाही म्हटलं नाही. दोन्ही हातांनी पुडी घेतली, तोंडाने श्वास घेत तिला दारापर्यंत पोचवलं.

ड्रेसर झाल्यापासून सगुण मासळी खात नाही. बांगडे केंद्रामागच्या मांजरीने खाल्ले.