कमलकाकूंना कुणी उत्तर का दिलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलो आणि इथल्या मराठी लोकांसाठी इंटरनेटवर गप्पांचा एक फोरम सुरू केला. माणसं जमली, तशा जाहिरातीही आल्या. कर्ज घ्या, रमी खेळा — एकच मजकूर शंभरदा. खातं बंद केलं की तोच इसम नव्या नावाने हजर. मग मी एक बटण बसवलं. ते कुणाच्या नावापुढे दाबलं की त्याचं लिखाण त्याला स्वतःला दिसे, मला दिसे, बाकी कुणालाच नाही. तो आपला लिहीत बसे आणि फोरम स्वच्छ राही. या युक्तीची मला फार घमेंड होती.

मग कमलकाकू आल्या. अंबरपेठेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मुलगी बंगळूरला, घरात एकट्या. दिवसभर लिहायच्या. गौलीगुड्याच्या बाजारात अंबाडी छान आलीय. गुडघा धरलाय. शेजारीण रुसलीय. प्रत्येक गोष्टीला नवा धागा, म्हणजे गप्पांचा नवा विषय; फोरमचं पहिलं पान त्यांनीच भरलेलं. लोक कुरकुरू लागले. एक फोन करून सांगता आलं असतं — काकू, जरा बेताने. का नाही केला? खरं सांगू? मला त्यांची भाषाच खटकायची. उर्दू-तेलुगू मिसळलेलं ते मराठी मला माझ्या फोरमवर नको होतं. लोकांची तक्रार निमित्ताला पुरली.

एका दुपारी ऑफिसात चहा पिता पिता मी काकूंच्या नावापुढचं ते बटण दाबलं.

त्या लिहीतच राहिल्या. आधी तीच अंबाडी, तोच गुडघा. मग — कुणी आहे का? मग — डोळ्याच्या ऑपरेशनला जामबागेतल्या दवाखान्यात जायचंय, कुणी सोबत येईल का? मी वाचत होतो. मी एकटाच वाचत होतो. आणि मी गेलो नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला गाठलं. "माझं लिहिलेलं दिसतंय का रे बाबा तुला? कुणीच काही बोलंना. माझं काही गलत झालं का?"

"दिसतं की, काकू. मी वाचतो. लोक कामात असतात हो."

"हौ, कामं असतात," म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि मलाही सुटल्यासारखं झालं — याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या दिवशी बटण काढता आलं असतं. पण मग त्यांचं इतक्या दिवसांचं लिखाण एकदम सगळ्यांपुढे आलं असतं, आणि मी काय केलं तेही. मी स्वतःला वाचवलं.

गेल्या वर्षी काकू वारल्या. फोरमवर लोक हळहळले — त्यांनी लिहिणं का बरं सोडलं होतं? तब्येतीमुळे असेल, असं मी लिहिलं.

मग त्यांच्या मुलीचा फोन आला. आई शेवटपर्यंत रोज लिहीत होती, ते सगळं मला मिळेल का? बघतो म्हणालो. आणि बसल्या जागी काकूंचा शब्दन्‌शब्द पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, सर्व्हर बदलताना जुनं सगळं गेलं.

ती म्हणाली, "असू दे दादा. आई सांगायची, बाकी कुणी नाही तरी तुम्ही तिचं वाचता म्हणून. तिला तेवढाच आधार होता."

मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.