हिरासिंगनं सांगितलेली दिल्ली

दिग्रसच्या जिनिंगात लालीबाई अकरा वर्षं रेच्यावर होती. रेच्यात कापूस सारायचा, रुई एकीकडे, सरकी एकीकडे. हवेत इतकी रुई उडायची की संध्याकाळी घरी निघताना बायांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. तिचा नवरा हिरासिंग त्याच आवारात रुईच्या गठाणी बांधायचा. तांड्यावरून दोघं एकाच सायकलवर यायची. म्हातारी माणसं बघून हसायची, लाली पदर ओढून घ्यायची, आणि हिरासिंग मुद्दाम घंटी वाजवायचा.

मग कापसाचे दिवस फिरले. भाव पडला, लोकांनी सोयाबीन धरलं, आणि एका दिवाळीनंतर जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. पुढच्या वर्षी रेचे भंगारात गेले. ट्रक भरत होता तेव्हा हिरासिंग दिवसभर रस्त्यापलीकडे उभा होता. घरी येऊन जेवला नाही.

दोन हजार आठ साली तो देवीलालच्या टोळीत दिल्लीला गेला. देवीलाल त्याचा चुलतभाऊ. वयानं लहान, पण टोळीचा मुकादम. दिल्लीत मोठे खेळ भरणार होते, त्यासाठी रस्ते नवे होत होते, फूटपाथवर दगड बसवायला माणसं हवी होती.

दर रविवारी संध्याकाळी तांड्यावरच्या दुकानात त्याचा फोन यायचा. लाली आणि पोरगी खुशी आधीच जाऊन बसलेल्या असायच्या. कामाचं तो काही बोलत नसे. बोलायचा ते दिल्लीचं. "आज लाल किल्ला पाह्यला. पास काढला न मी, टुरिस्टवाला. एका पासात बस बी अन् आत जायचं तिकीट बी. सकाळी बसलं का संध्याकाळपर्यंत सारी दिल्ली." कधी हुमायूनच्या कबरीचा घुमट, कधी जंतरमंतर. खुशी सगळं वहीत उतरवून घ्यायची. आपल्या जुन्या लोकांचे बैल मीठ आणि धान्य लादून याच दिल्लीला जायचे, असं तांड्यात सांगत. त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं.

एकदा त्यानं कुतुबमिनारजवळच्या लोखंडी खांबाचं सांगितलं. "हजारावर वर्सं झाली, जंग नाई चढला. त्याले पाठ लावाची अन् दोन्ही हातांनी मागून कवळा घालाचा. बोटाले बोट लागलं तं मनातलं होते. माहे लागले, लाली."

"काय मांगतलं?"

"सांगतलं तं होत नाई मनतात."

ते काय असेल याचा विचार लालीनं दोन वर्षं केला. जिनिंग पुन्हा सुरू व्हावं, खुशी शिकावी, की आपण लवकर घरी यावं? तूर सोंगताना, पाणी भरताना मनात तेच यायचं आणि कामाचा शीण थोडा कमी व्हायचा.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये देवीलालचा फोन आला. दुपारी काम करता करता हिरासिंगच्या डोक्यात ऊन चढलं, तो पडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. प्रेत यवतमाळपर्यंत आणायची सोय नव्हती. तिथंच अग्नी दिला. लाली पोचली ती दहा दिवसांनी, मृत्यूचा दाखला घ्यायला. शनिवारी दुपारी ठेकेदाराच्या ऑफिसात कारकुनानं वर न बघताच सांगितलं, साहेब सोमवारी येतील.

रविवार रिकामा होता. टोळीच्या पत्र्याच्या खोलीत हिरासिंगची पिशवी उशाशी घेऊन लाली रात्रभर जागी पडली आणि सकाळी देवीलालला म्हणाली, "भावजी, तो पास काढा. त्याइनं पाह्यलेल्या जागा मले पाहाच्या हायत."

"काहून वहिनी? ऊन पाहा किती हाय. अन् पाहाले काय हाय तिथं, दगडच दगड."

"त्याइले दिसले न ते दगड. मले बी दिसू द्या."

देवीलालनं दोनतीनदा टाळलं. मग मान खाली घालून निघाला.

बस उंच होती, काचा मोठ्या, आत गार हवा. गळ्यात कॅमेरे घातलेली माणसं, टोपी घातलेली लेकरं. लालीनं खुशीची वही मांडीवर ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पानावर काय आहे ते पाठ होतं. बस पहिल्यांदा कुतुबला थांबली. मिनाराकडे तिनं पाहिलंही नाही. "खांब कुठं हाय?" असं विचारत विचारत ती पुढं गेली.

खांब होता. काळा, उंच, त्यानं सांगितला तसाच. पण त्याच्या चारी बाजूंनी लोखंडी कठडा होता. हात लांब केला तरी खांबाला बोट लागलं नसतं.

लाली कठड्याला एक फेरी घालून आली. कुठं फाटक आहे का पाहिलं. मग पहारेकऱ्याजवळ गेली. "भैया, ये जाली कब लगाई?"

"बहुत साल हो गये अम्मा. बारह-तेरह साल."

तिनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग देवीलालकडे वळून बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"भावजी. थो इथं आलता का नाई?"

देवीलाल खाली बसला. गमच्यानं तोंड पुसत राहिला. "कुठचा येते वहिनी. रविवारची बी हाजरी रायचीच. पह्यल्या दिवशी टेसनावर खुशीसाठी फोटोचं पुस्तक घेतलं त्यानं. फोनच्या आंधी थेच वाचे. खांबाचं आमच्या म्हाताऱ्या चौकीदारानं सांगतलं, जाली नव्हती तवाचं. मी म्हनलं, हिरा, कायले खोटं बोलतं? तं म्हने, मंग काय सांगू? पत्र्याखाली भाजून राह्यलो मनून सांगू?"

लाली कठडा धरून उभी राहिली. रडली नाही. राग आला होता, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस उरला नव्हता. दोन वर्षं ती ज्या मागण्याचा विचार करत होती, ते मागणंच कधी झालं नव्हतं.

बसच्या गाइडनं शिट्टी मारली. देवीलाल म्हणाला, "चाला, घरी जाऊ."

"नाई. पास हाय न संध्याकाळपर्यंत."

तिनं सगळं पाहिलं. हुमायूनच्या कबरीपाशी घुमटाखाली उभी राहिली. तो त्यानं सांगितल्यापेक्षा मोठा होता. लाल किल्ल्यात पाण्याचे कोरडे पाट पाहिले. कुठंच तिचं मन लागलं नाही, पण एकही जागा तिनं सोडली नाही.

परतताना एका मोठ्या चौकात सिग्नल लागला. देवीलालनं काचेवर बोट टेकवलं. "वहिनी, हे पाहा. या झाडापासून त्या खांबापर्यंत. हे हिराच्या हातचं हाय. मागच्या हिवाळ्यातलं."

गुलाबी दगडांचा फूटपाथ होता. दगडाला दगड असा बसवलेला की सांध्यात काडी जाऊ नये. लाली ताडकन उठली. "मले उतरू द्या."

"यहाँ स्टॉप नहीं है," कंडक्टर म्हणाला. "पास में जो जगह लिखी है, वहीं रुकेगी."

"दोन मिनिटं, भैया."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या काचेतून एक झाड दिसत राहिलं, मग तेही दिसेना. तेव्हा लालीबाई रडली, आणि बसमधली माणसं वळून बघू लागली.

सोमवारी साहेब आले नाहीत. दाखला गुरुवारी मिळाला, त्यात हिरासिंगचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. ते दुरुस्त व्हायला पुढं वर्ष गेलं. घरी आल्यावर तिनं खुशीला कुतुबचं खरं ते सांगितलं. पोरगी आठवडाभर आईशी बोलली नाही. वही तिनं चुलीत घातली नाही, पण पुन्हा उघडलीही नाही.

देवीलालनं टोळी नेणं सोडलं. तरी तांड्यावरून माणसं जातच राहिली. हिरासिंग गेला त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर किसनसिंग मुकादमाची जीप हैद्राबादला निघाली. बाया डबे बांधून देत होत्या. लालीबाई कोणाच्या निरोपाला सहसा जात नसे, त्या दिवशी आली. जीपच्या दारापाशी उभी राहून आतल्या माणसांना म्हणाली, "फोनवर खरं सांगजा रे. उपाशी असान तं उपाशी मनजा. आमाले झेपते."

माणसं जरा ओशाळून हसली. एकजण म्हणाला, "हो वहिनी." जीप आर्णीच्या रस्त्याला लागली आणि बाया घराकडे वळल्या. लालीबाईला दुपारपाळीला तुरीत निंदायला जायचं होतं.