उतारावरची बंद चावी

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या धाकट्या भावाची बायको रस्त्यावर पडली होती, तिचा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला दिसत होता, आणि मी सरपटत गेलो तो माझ्या मोटारसायकलीकडे. गाडीची चावी बंद होती. ती मी चालू केली. मग आडव्या पडलेल्या गाडीचा गियर हातानं दाबून टाकला. आणि त्यानंतर ओरडलो, कुणी हाय का म्हणून.

चावी बंद का होती आणि ती चालू करायची मला एवढी घाई का होती, हे कळायला आधी माझी मिजास सांगावी लागेल.

आमचं गाव राणीसावरगावच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. थोडी शेती आहे, ती भाऊ बघतो. माझं दुकान गंगाखेडात, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं. तांब्याची तार गुंडाळण्यात अर्धी हयात गेली. रोजची ये-जा चार गियरच्या जुन्या मोटारसायकलीवर. मी तसा बोलणारा माणूस नाही. पण गाडीचा विषय निघाला की मला तोंड फुटायचं, आणि त्या तोंडातून चांगलं असं काही निघायचं नाही.

बिनगियरची गाडी आमच्या लेखी गाडीच नव्हती. गावच्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, तिथं आम्ही सगळे गियरवाले बसायचो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या स्कुट्यांची टर उडवायचो. पिळलं की पळाली, सोडलं की थांबली, यात माणसाचं काम काय? पायापाशी गॅसची टाकी ठेवायला नाहीतर पेंडेचं पोतं आणायला बरी, बाकी शून्य. मग त्या मोठ्या स्कुट्या निघाल्या, पुढं काच, मागं डबा आणि मधी मालकाचं पोट. सोनपेठचा एक अडत्या असली गाडी घेऊन हॉटेलावर थांबला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, बसून अवघडला असाल शेठ, लोड-तक्क्या आणू का? तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला. आणि क्लच नसलेली मोटारसायकल निघाली हे कळलं तेव्हा मी म्हणालो, हे म्हणजे फेटा बांधून वर पदर घेतल्यासारखं झालं. लोक आठवडाभर ते वाक्य एकमेकांना सांगत होते. माझ्या आयुष्यात माझं कुणी काही उचलून धरलं असेल तर तेवढंच.

आता बघतो तर त्या हॉटेलातल्या निम्म्यांना धड गियर टाकता येत नव्हता. सगळ्यात मोठ्यानं हसणारा जो होता तो गावापासून गंगाखेडापर्यंत क्लच अर्धा दाबून गाडी हाणायचा. त्याच्या क्लचप्लेटा जळाल्याचा वास गाडीच्या आधी यायचा. तो आम्हाला गाडी कशी चालवावी ते सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

अशा माणसाच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं स्कुटी घेतली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेचं गाव आमच्यापासून जवळच, गंगाखेडच्या वाटेवरून जरा आत. स्वतःच्या पगारातून घेतली, तीही मोठी, दणकट. शाळेच्या मैदानात आठ दिवसांत शिकली. शाळेला तर ती जीपनंही जात होती. गाडी घेतली ती आईसाठी. तिची आई सोनपेठच्या पलीकडे एका खेड्यात, अर्धांगानं खाटेला खिळलेली. एसटीनं जायचं तर गंगाखेडला बदला, सोनपेठला बदला, पुढं पायी. आईपाशी टेकायला तासभरही मिळायचा नाही. गाडी आल्यापासून दर रविवारी सकाळी निघायची, आईला न्हाऊ घालायची, डोकं विंचरायची, नखं काढायची, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

गाडी पहिल्यांदा अंगणात लागली तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मास्तरीणबाईची खुर्ची आली वाटतं."

ती माझ्यापुढं सहसा बोलायची नाही. थोरल्या दिरापुढं बोलायची आमच्याकडे रीत नाही. पण त्या दिवशी पदर सावरत हसून म्हणाली, "खुर्चीच हाय दादा. तुमची सायकल हाय, पायानं हानावी लागती."

घर हसलं. माझी बायको सगळ्यात जास्त हसली. मीही हसल्यासारखं केलं, आणि ते मनात धरून ठेवलं. मोटारी भरणारा माणूस, मला यंत्रावरून बोलणार ही? एवढ्यावर माणूस किती दिवस कुढू शकतो हे लिहायलाही लाज वाटते. मी वर्षभर कुढलो.

आता चावीचं. गंगाखेडला जाताना डोंगर उतरावा लागतो. लांबलचक उतार आहे. आमच्या हॉटेलातला प्रत्येक जण वर टेकाडावर आला की गाडी न्यूट्रल करायचा, चावी बंद करायचा आणि खालच्या पुलापर्यंत फुकटात जायचा. पळीभर पेट्रोल वाचत असेल नसेल, पण हे जमतं ते गियरवाल्यालाच, अशी आमची शेखी. स्कुटीला खरंच जमत नाही का, हे कुणी तपासलं नव्हतं. या उताराच्या मध्यावर एक वळण आहे. तिथं सुबाभळीची गर्दी, आणि तिथंच शाळेच्या गावाचा रस्ता येऊन मिळतो. समोरचं दिसत नाही, म्हणून वळणाआधी हॉर्न मारायचा आणि आतून येणाऱ्यानं कान द्यायचा, हा सगळ्यांचा शिरस्ता. हॉर्न चावीवर चालतो. चावी बंद तर हॉर्न मुका आणि इंजिनही मुकं. विजेचं काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी त्या वळणावरून मुक्यानं गेलो आणि कधी काही झालं नाही, एवढंच.

त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा सुटायची वेळ. मला दुकानाला उशीर झालेला. वळणाच्या वरच्या अंगाला असताना झाडांच्या फटीतून ती मला दिसली. शाळेच्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबलेली, एक पाय जमिनीला टेकलेला. आधी खाली बघितलं, मग वर बघितलं, मग स्कार्फ कानावरून मागं सारला आणि तशीच थांबली. ऐकत होती. तिच्या बाजूनं रस्ता रिकामा होता आणि आवाज कसलाच नव्हता, म्हणून ती निघाली. मी वळण घेऊन आलो तोवर ती रस्त्याच्या मधोमध. मी अंगठ्यानं हॉर्न दाबला. काही वाजलं नाही. दोन्ही ब्रेक दाबले, गाडी गियरमध्ये नाही, खाली खडी. घसरत जाऊन तिच्या गाडीच्या पुढच्या चाकावर आदळलो. ती उडून पडली. माझा डावा घोटा दोन्ही गाड्यांच्या मध्ये चिरडला.

पुढचं वर सांगितलंच आहे. गाडी पडल्यावर इंजिन आपोआप बंद होतंच, त्यामुळं चावी चालू आणि गियर टाकलेला दिसला की कुणाला काही विचारायचं कारण उरत नाही. एवढा हिशोब माझ्या डोक्यानं त्या अवस्थेत केला. मोडलेल्या हाताकडे बघून हे डोकं चाललं नाही.

पहिला धावत आला तो वरच्या माळावर मेंढ्या चारणारा एक धनगर. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून तिचा हात गळ्यात बांधला, तिला सावलीला बसवलं. तोवर शाळेच्या गावातली माणसं जमली. त्यांच्या देखत त्यानं मला साधंच विचारलं, "पाव्हनं, गाडी बंद व्हती का तुमची? आवाज कसा आला न्हाई?"

मी म्हणालो, "मेंढरात राहून कान गेलेत का तुझे?"

दोघं-तिघं हसले. त्यानं काठी उचलली आणि मेंढ्यांकडे गेला. त्याला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मेंढक्याचं कोण ऐकतं, हे मला बोलताना माहीत होतं.

यानंतर फार खोटं बोलायची वेळच आली नाही. ती एकदम आडवी आली, एवढं मी म्हणालो. हॉर्न मारला का, असं भावानं विचारलं, मी मारला म्हणालो. बाकीचं लोकांनी आपणहून भरलं. पायाला प्लास्टर घालून मी हॉटेलात येऊन बसलो तोवर निकाल लागून गेला होता. बायांचं आन स्कुटीचं असंच असतंय, इंडिकेटर उजवीकडं आन सवारी डावीकडं, असं तो क्लच जाळणारा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्याइतकी मूर्ख माणसं मी पाहिली नाहीत, आणि त्यांच्यात शहाणा असा एकटा मी होतो, ज्याला खरं माहीत होतं. तो शहाणा त्यांच्यापेक्षा जोरात हसला.

परभणीच्या दवाखान्यात तिच्या कोपरात स्टीलची पट्टी बसवली. मी कुबडी घेऊन भेटायला गेलो. तिनं आधी माझ्या पायाची चौकशी केली. मग म्हणाली, "मी बघितलं व्हतं वो दादा. तरी कसं दिसला न्हाईत तुमी? माझंच चुकलं." तिचे डोळे भरले होते.

मी म्हणालो, "असू द्या. होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं.

भावानं महिन्याच्या आत स्कुटी विकून टाकली. ती अडून बसली नाही. शाळेला पुन्हा जीपनं जायला लागली. रविवार मात्र गेले. सोनपेठला जायचं तर भावाला सवड पाहिजे. भावाची सवड कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. तिच्या आईला आता सून न्हाऊ घालते, जमेल तेव्हा.

आणि माझं? घोट्यानं गियर टाकता येईना, डॉक्टरांनी डाव्या पायाला काम नको म्हणून सांगितलं. मी परभणीहून मोठी स्कुटी आणली. पुढं काच, मागं डबा. हॉटेलात भीतभीतच गेलो, पण कुणी चेष्टेचा चकार शब्द काढला नाही. पायामुळं घ्यावी लागली बिचाऱ्याला, म्हणाले. खुर्ची नाही, गादी नाही, काही नाही. माझ्या वाट्याला हळहळ आली. शिवाय पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं की गाडी चांगली आहे, आणि इतकी वर्षं डाव्या हातापायाची जी ओढाताण मी मर्दुमकी म्हणून मिरवली, ती कुणी मागितली नव्हती.

गेल्या महिन्यात सोनपेठहून फोन आला, आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. भाऊ नांदेडला गेलेला. सकाळची वेळ, मी निघायच्या तयारीत अंगणात गाडी पुसत होतो. ती येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, नजर गाडीवर.

"दादा, गाडी देता का?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नको. ऱ्हाऊ द्या. माझ्या नजरंतच खोट हाय. त्या दिशी दोन्हीकडं बघितलं, थांबून कान दिला, तरी झालंच ना. पुन्यांदा कुनाला तरी पाडीन."

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "बसा, मी सोडतो."

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्या मागं गाडीवर कधी बसली नव्हती. दिराच्या पाठीला लागायचं नाही म्हणून तिनं मध्ये पिशवी ठेवली, एका अंगाला बसली आणि मोडलेल्या हातानं मागची दांडी धरली. तो हात आता पुरता सरळ होत नाही. उतार लागला. मी सावकाश घेतली. वळणावर हॉर्न मारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

मागून ती म्हणाली, "तुमी त्या दिशी पन असाच मारला असंल. मलाच ऐकू आला न्हाई."

मी गाडी थांबवली नाही. गंगाखेड गेलं, सोनपेठ गेलं, मी तोंड उघडलं नाही. खेड्यात पोचलो तर म्हातारी खाटेवर, केसांच्या जटा झालेल्या. ही पिशवी खाली ठेवून तशीच विंचरायला बसली. मोडलेला डावा हात वर जाईना, म्हणून म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीनं हिला ओळखलं आणि एवढ्या दिसानं का आलीस म्हणून विचारलं. ही म्हणाली, "गाडी न्हाई ना आता, आई." मी बाहेर ओट्यावर चहा पिला आणि दुकान उघडायला परत आलो.

अजून मी बोललेलो नाही. हे लिहिलं म्हणजे बोललो असं मी धरत नाही.

माझ्याकडून तिचं देणं आहे ते हे: भाऊ समोर बसलेला असताना मी तिला सांगायचं आहे की ती थांबली होती, तिनं नीट बघितलं होतं, कान दिला होता, आणि ऐकू येईल असं मी काहीच चालू ठेवलं नव्हतं. मग हेच फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन, सगळे बसलेले असताना, पुन्हा सांगायचं आहे.